५० नगांचं इबोनाइट पेन: बांधणीच्या नोंदी

६ जानेवारी

आराखडा ठरला. काळं-लाल लहरी इबोनाइट (गंधकाने कडक केलेलं रबर), ड्रॉपरने शाई भरायची, शेपटाकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, उघडमीट होणारी झडप, १४ कॅरटची ६ नंबरची निब. टोपण लावून लांबी १४८ मिमी, टोपण काढून निबसकट १३२. टोपणाचा व्यास १६, बॅरलचा जास्तीत जास्त १४, पकड (बोटांनी धरायचा पुढचा भाग) सर्वांत बारीक जागी ११.

एक अट पन्नासही नगांना सारखी: कोणताही जोड कायमचा चिकटवायचा नाही. चाळीस वर्षांनी हे पेन ज्याच्याकडे असेल त्याला आतली रबरी रिंग बदलता आली पाहिजे, आणि त्यासाठी काही फोडावं लागता कामा नये. सुपरग्लूने बसवलेली कडी किंवा इपॉक्सीत रोवलेली निब पहिल्या दिवशी देखणी दिसते, पण दुरुस्तीची वेळ आली की इबोनाइट चिरल्याशिवाय ती निघत नाही. म्हणून प्रत्येक भाग आट्यांवर, खाचेत किंवा नुसता दाबून बसवलेला. गळती थांबवायची तिथे ओ-रिंग (रबराची गोल रिंग) आणि सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलिन आणि खनिज तेल पूर्ण वर्ज्य, कारण त्याने काही प्रकारचं रबर फुगतं.

झडपेची कल्पना जुनीच आहे. द ला रू या ब्रिटिश कंपनीच्या ओनोटो पेनात १९०५ पासून शेपूट पिळून शाईची वाट बंद करता येत असे, आणि नामिकीच्या 'एम्परर'सारख्या जपानी ड्रॉपर पेनांत तशी झडप आजही असते. आपल्याला फक्त ती सुटी करता येईल अशी बांधायची आहे.

१३ जानेवारी

२० मिमीच्या सळया आल्या. टोपण आणि बॅरल एकाच सळईतून, एकमेकांना लागून असलेल्या तुकड्यांतून कापायचे, म्हणजे लहर एका भागातून दुसऱ्यात जाते. प्रत्येक जोडीवर कापलेल्या टोकांना पांढऱ्या पेन्सिलने क्रमांक आणि एक सरळ रेघ. ही रेघ शेवटपर्यंत लागते, म्हणून ती बाहेरच्या अंगावर न मारता टोकाच्या सपाटीवर मारली.

इबोनाइटच्या सळईत ताण साठलेला असतो. एकदम अंतिम मापाला आणलं तर आठवड्याभरात नळी ०.१ ते ०.२ मिमी वाकते आणि आटे एका बाजूला घासतात. म्हणून आधी लेथवर कच्चं टर्निंग: टोपण १७.५ वर आणून आत ११ चं भोक, बॅरल १५.५ वर आणून आत ८ चं भोक. मग सगळे तुकडे उभे करून ठेवले. मिनिटाला १२०० फेरे, अॅल्युमिनियमसाठी असतात ते घासलेल्या धारेचे कार्बाइड दाते. हायस्पीड स्टीलचा दाता पहिल्या दोन-तीन नगांत चांगला चालतो, नंतर धार जाते आणि कापण्याऐवजी घासायला लागतो. ड्रिल दर ५ मिमीला बाहेर काढून भुगा झटकायचा. घर्षणाने आतली बाजू तापली की गंधकाचा वास वाढतो आणि भोक मापात येत नाही.

जाता जाता, टोपणाची कडी आणि क्लिप कोणत्या धातूची हे ठरवायला एक चाचणी लावून ठेवली. स्टर्लिंग चांदीच्या चार पट्ट्या एका बंद डब्यात इबोनाइटच्या भुग्याबरोबर: दोन नुसत्या, दोन ऱ्होडियमच्या मुलाम्याच्या. शेजारी टायटॅनियमची एक पट्टी.

२ फेब्रुवारी

टोपणाच्या आट्यांचं माप बदललं. आराखड्यात एम १२ × ०.८ चे (१२ मिमी व्यास, दोन आट्यांत ०.८ मिमी अंतर) तीन-तोंडी, म्हणजे तीन जागी सुरू होणारे, आटे होते. बॅरलच्या तोंडाला बाहेरून हे आटे आणि आतून पकडीसाठी एम १० × ०.७५, दोन्ही एकाच जागी येतात. बाहेरच्या आट्यांची बुडी (खाचेच्या तळाचा व्यास) जेमतेम ११ मिमी आणि आतल्या आट्यांचा माथा १०, म्हणजे दोघांच्या मध्ये भिंत उरते अर्धा मिमी. नमुना नग पकड घट्ट पिळताना आट्यांच्या रेषेतच चिरला. एम १३ × ०.८ घेतल्यावर बुडी साधारण १२ वर जाते आणि भिंत पूर्ण १ मिमी मिळते. पकडीकडून बॅरलकडे जाताना बोटांना पायरी थोडी जास्त लागेल. ती पायरी एकदम सरळ न ठेवता ३० अंशांचा उतार दिला आणि आट्यांचे माथे ४०० च्या पॉलिश पेपरने एकदा हलके मोडले. बोटांना आटे टोचत नाहीत.

तीन-तोंडी आट्यांत एका फेऱ्यात टोपण २.४ मिमी सरकतं, त्यामुळे सव्वा फेऱ्यात पेन उघडतं. आटे पाडणारा डाय फिरवताना साबणाचं पाणी पुरतं. घाई केली तर माथ्याचे कण उडतात. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. काम झालं की लगेच कोरडं पुसायचं, कारण ओलं इबोनाइट उजेडात राहिलं की रंग उतरायला सुरुवात होते.

८ फेब्रुवारी

बॅरलचं अंतिम भोक ९.० मिमी, पकडीचा जोड सोडून शाईला ५८ मिमी लांबी. झडपेची २.५ मिमीची दांडी वजा करून शाई मावते ३.४ मिली.

दांडी टायटॅनियमची. स्टेनलेस ३१६ चाललं असतं, पण आयर्न-गॉल शाई आम्लधर्मी असते, दांडी वर्षानुवर्षं त्यातच बुडालेली राहणार, आणि आत गंज धरला तर तो कोणाला दिसणार नाही. शिवाय ९० मिमी लांबीची टायटॅनियमची दांडी २ ग्रॅमची, तीच स्टीलमध्ये साडेतीन. शेपटाकडे दीड ग्रॅम वाढला की पेन हातात मागे झुकतं.

शेपटाकडची गळती दोन ओ-रिंगांनी थांबते. रिंग फ्लुओरो-रबराची, आतला व्यास २.५, दोरा (रबराची जाडी) १.०. खाच ४.२ व्यासाची, म्हणजे १.० चा दोरा ०.८५ मध्ये दबतो. पंधरा टक्के दाब. सरकत्या दांडीला एवढाच पुरे. वीस टक्क्यांच्या वर नेलं तर दांडी अडत अडत फिरते आणि रिंग लवकर झिजते. दहाच्या खाली गेलं तर थंडीत रबर आकसल्यावर शाई झिरपते. दोन रिंगांच्या मधल्या जागेत सिलिकॉन ग्रीस भरलं. रिंगा ज्या घरात बसतात त्याला दोन छिद्रांची नट आहे, दोन टोकांच्या पान्याने ती मागून उघडते. पुढचा इबोनाइटचा शंकू दांडीवर आट्यांनी बसतो. तो काढला की दांडी मागून बाहेर येते. शंकूवर ५ × १ ची ओ-रिंग.

११ फेब्रुवारी

झडप पूर्ण उघडी असूनही पान-दीड पान लिहिल्यावर शाई थांबते. पेन झटकलं की पुन्हा सुरू. निब आणि जीभ (निबखालचा, तिला शाई पुरवणारा तुकडा) बदलून पाहिली, फरक नाही. दोष झडपेच्या भोकात होता.

भोक होतं २.५ मिमीचं. शाई खाली उतरायची तर तेवढीच हवा वर गेली पाहिजे, आणि दोघांना जायला वाट एकच. अरुंद उभ्या भोकात हवेचा बुडबुडा पृष्ठताणामुळे बुचासारखा बसतो. वरच्या शाईचं वजन त्याला हलवायला पुरत नाही. साध्या पाण्याला ही अडचण पाच मिमीच्या आतल्या लांब नळीत येते. शाईचा पृष्ठताण कमी असल्यामुळे थोडी सवलत मिळते, पण २.५ मध्ये कुठलीच शाई मोकळी उतरणार नाही.

बदल तीन. भोक ४.५ मिमी. लांबी फक्त २ मिमी आणि दोन्ही तोंडांना मोठा उतार, म्हणजे बुडबुड्याला टेकायला सरळ भिंतच कमी उरते. आणि शंकू मागे सरकण्याचं अंतर २ वरून ३ मिमी. त्यासाठी शेपटाचे आटे दोन-तोंडी केले, एका फेऱ्यात दीड मिमी. दोन फेरे फिरवलं की झडप पूर्ण उघडी. शंकूचा व्यास ६.५ केला. ९ च्या बॅरलमध्ये त्याच्या भोवती सव्वा मिमीची मोकळी वाट राहते.

आता ३.४ मिली शाई शेवटपर्यंत न झटकता उतरते. वापराच्या चिठ्ठीत हे यायला हवं: सलग लेखनाला झडप उघडी, दोन ओळी किंवा सहीला बंद. बंद झडपेपुढची शाई आणि जिभेतली शाई मिळून मध्यम निबने साधारण एक पान होतं.

१२ फेब्रुवारी

वजन: टोपणाशिवाय १७ ग्रॅम, टोपण साडेनऊ. शाईने भरलेल्या पेनाचा तोल निबच्या टोकापासून ६८ मिमीवर. टोपण मागे लावायचं नाही. आट्यांची सोयही दिलेली नाही, कारण साडेनऊ ग्रॅम मागे टांगून हा तोल टिकत नाही.

२४ फेब्रुवारी

ड्रॉपर पेन शाई का ओकतं याचा हिशेब झडपेसाठी करून ठेवला. असं पेन जेमतेम अर्धा मिली उरल्यावर सर्वांत धोक्याचं असतं. आत ३ मिली हवा. २५ अंशांच्या खोलीतून पेन हातात आलं आणि आतली हवा ३२ ला गेली तर ती सव्वादोन टक्क्यांहून थोडी जास्त फुगते. त्यात शाईवरची पाण्याची वाफ वाढते ती साधारण दीड टक्का. एकूण ४ टक्के, म्हणजे ०.१२ मिली शाई बाहेर ढकलली जाते. दोन थेंबांहून जास्त. जिभेच्या कंगव्यात (जादा शाई धरणाऱ्या बारीक खाचांत) एवढी जागा रिकामी असेल तर काही दिसत नाही. ती आधीच भरलेली असेल तर थेंब कागदावर पडतो. इबोनाइट उष्णता हळू पुढे नेतं म्हणून हे सावकाश होतं. धातूच्या बॅरलमध्ये तेच काही मिनिटांत होईल.

विमानात आकडा फार वाढतो. केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. आत १.७ मिली हवा असेल तर ती २.२७ मिलीच्या आसपास जाते, म्हणजे अर्ध्या मिलीहून जास्त शाई बाहेर. कुठलीच जीभ एवढी पेलणार नाही. झडप बंद असेल तर टाकीतला दाब जिभेपर्यंत पोचतच नाही. झडपेची चाचणी म्हणून अर्धं भरलेलं पेन निब खाली करून निर्वात बरणीत पाऊण वातावरणावर ठेवलं. बंद झडपेला निबखालचा टिपकागद कोरडा. उघड्या झडपेला पूर्ण निळा.

५ मार्च

लहर जुळवणं. सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हेच आणि पेन हातात घेणाऱ्याला सर्वांत आधी दिसतं तेही हेच.

तीन-तोंडी आट्यांमुळे टोपण तीन जागी बसू शकतं, एकमेकांपासून १२० अंशांवर. कापून टोपण फक्त पुढेच नेता येतं, म्हणून त्यातली सर्वांत सोयीची जागा रेघेच्या जास्तीत जास्त १२० अंश मागे असते. टोपण कुठे थांबतं हे आतल्या टोपणाची (टोपणाच्या आत बसवलेल्या सुट्या नळीची) कड ठरवते. ती पकडीच्या खांद्यावर टेकते आणि तिथेच हवा बंद होते. २.४ मिमीला ३६० अंश, म्हणून कडेवर ०.१ मिमीचं फेसिंग घेतलं, म्हणजे तेवढी सपाट कापली, की टोपण १५ अंश पुढे जातं. पूर्ण १२० अंश मागे असेल तरी ०.८ मिमीत काम होतं. आतलं टोपण आधी ०.८ मिमी लांब ठेवायचं, तीनही जागी लावून पाहायचं, सर्वांत कमी कापावं लागेल ती जागा निवडायची आणि ०.०५ च्या घासात उतरायचं. शेवटचा घास हाताने, सपाट काचेवर ताणलेल्या १००० च्या पेपरवर. निवडलेल्या जागेची खूण बॅरलच्या पहिल्या आट्याखाली एका टिंबाने. टोपण त्या टिंबावरून सुरू केलं की लहर जुळते.

आतलं टोपण सुटं आहे आणि माथ्याच्या स्क्रूने दाबून धरलेलं. कड झिजली तर नवीन बसवून पुन्हा जुळवता येईल.

१२ मार्च

चांदीच्या पट्ट्या बाहेर काढल्या. नुसत्या दोन्ही काळ्या. इबोनाइटमधला मोकळा गंधक चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो, आणि बंद डब्यात तो वेगाने धरतो. संग्रहातलं पेन तर बहुतेक वेळ बंद खोक्यातच असतं. ऱ्होडियमच्या पट्ट्या सपाटीवर स्वच्छ, पण कापलेल्या कडांवर मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून काळे ठिपके उठलेत. टोपणाच्या कडीला कडाच जास्त असतात. टायटॅनियम जसं ठेवलं तसं.

कडी आणि क्लिप दोन्ही टायटॅनियमची. चांदीचा मऊ उजळपणा जातो याचं वाईट वाटतं. काळ्या-लाल लहरीवर तो फार शोभला असता. पण मालकाला दर महिन्याला कडी घासायला लावणारं पेन द्यायचं नाही, आणि घासताना पॉलिश शेजारच्या कोरीव रेषांत जाऊन बसतं ते निराळंच. निबची काळजी कमी. १४ कॅरटमध्ये ५८.५ टक्के सोनं, उरलेल्यात चांदी-तांबं असल्यामुळे हलकी झाक येऊ शकते, ती मऊ कापडाने जाते.

१९ मार्च

कडी ३ मिमी रुंद. टोपणाचं तोंड दोन भागांत केलं: मुख्य नळी आणि खालून आट्यांवर येणारा इबोनाइटचा ओठ. कडी दोघांच्या मध्ये धरलेली. इबोनाइट उष्णतेने टायटॅनियमच्या सात-आठपट प्रसरण पावतं. १५ मिमी व्यासाला ३० अंशांच्या फरकात दोघांत साधारण ०.०३ मिमीचा फरक पडतो. खोलीच्या तापमानाला गच्च बसवलेली कडी उन्हात इबोनाइटला आवळते आणि तिथे बारीक तडा जातो. थंडीत सैल पडून ती खुळखुळते. म्हणून आत सगळीकडून ०.०४ चा मोकळा झोल आणि खाली पातळ सिलिकॉन वॉशर, जो खुळखुळ थांबवतो.

क्लिप ५ नंबर श्रेणीच्या टायटॅनियमच्या १ मिमी पत्र्याची. हा पत्रा वाकवला की बराच परत उसळतो. हव्या कोनापेक्षा जास्त वाकवूनच तो जागेवर येतो, आणि आतली त्रिज्या पत्र्याच्या जाडीच्या पाचपट ठेवली. कमी ठेवली तर बाहेरच्या अंगाला चिरा दिसतात. टोकाची गोळी घासून काचेसारखी गुळगुळीत, नाहीतर खिशाचा धागा निघतो.

२ एप्रिल

निब आणि जीभ. तयार प्लॅस्टिकच्या घरात बसवलेली निब आट्यांनी पकडीत फिरवायची, ही सोय घेतली नाही. जीभ इबोनाइटची, पकडीच्या भोकात निबसकट दाबून बसते. इबोनाइटच्या पृष्ठभागाला शाई धरून राहते आणि गरम करून जीभ निबच्या वळणाला नेमकी लावता येते. रचना मूळ तीच, जी अमेरिकन पेनकार लुईस वॉटरमनने १८८४ च्या पेटंटात दिली: हवेसाठी एक रुंद खाच आणि तिच्या तळाशी शाईसाठी बारीक चिरा.

बसवण्याचा क्रम: निब आणि जीभ एकत्र धरून ८५ अंशांच्या पाण्यात वीस-तीस सेकंद, बाहेर काढून दोन बोटांत रबराच्या तुकड्याने दाबून थंड होईपर्यंत धरायचं. पाणी उकळतं असेल तर जिभेचे कंगवे वाकतात. मग उजेडासमोर धरून पाहायचं. निब आणि जिभेमध्ये प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा. पकडीचं भोक रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) शेवटच्या ०.०५ पर्यंत आणून प्रत्येक जिभेला वेगळं जुळवायचं. सैल झालं तर बाजूने हवा शिरते आणि शाई सुटते, फार गच्च झालं तर बोटांनी निघणार नाही आणि पहिली अट मोडते.

निबची फट पितळेच्या ०.०५ च्या पट्टीने साफ आणि समान. टोकाला फट हळूहळू अरुंद होत गेली पाहिजे. २० पट भिंगाखाली दोन्ही दात (फटीच्या दोन बाजू) एका पातळीत. फटीच्या आतल्या कडा जास्त गोल घासल्या गेल्या तर निब मऊ वाटते पण पहिला फटकारा कोरडा जातो, कारण शाई कागदाला टेकतच नाही. अशी निब १२००० च्या पेपरवर टोक थोडं सपाट करून परत आणता येते. आठाचे आकडे काढत, चार-पाच वेळा, मग लिहून पाहायचं.

११ एप्रिल

आधी पॉलिश, मग कोरीव काम. उलटं केलं तर बफने रेषांच्या कडा गोल होतात आणि लाटा पुसट दिसतात. पॉलिश पेपर ४००, ८००, १५००, २५००, प्रत्येक वेळी आधीच्या रेषांना आडवा. मग कापडी बफ, हलका हात. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकला तर पृष्ठभाग तापून करडा होतो.

कोरलेल्या लाटांच्या नक्षीची खोली ०.१५ मिमी. लहर दाट आहे तिथे जास्त खोल कोरलं तर दोन नक्ष्या एकमेकींना खातात. क्रमांक बॅरलच्या शेपटाकडे, पँटोग्राफने (नमुन्यावरून लहान अक्षर कोरणाऱ्या यंत्राने), अक्षर २ मिमी उंच. लेझर वापरला नाही. जळालेल्या कडेला तपकिरी झाक येते आणि धुरात गंधकाची विषारी वाफ असते.

१९ एप्रिल

टोपणाची हवाबंद चाचणी: शाई भरलेलं पेन ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर, आठवडाभर आडवं ठेवून पुन्हा. मर्यादा ०.०३ ग्रॅम. त्यापेक्षा जास्त घट आली ते नग आतल्या टोपणाची कड पुन्हा काचेवर घासून परत आणले. दोन नगांत दोष कडेचा नव्हता. माथ्याच्या स्क्रूखालचा वॉशर बसवायचा राहिला होता.

२७ एप्रिल

खोकं लाकडी, वर हवेसाठी दोन बारीक भोकं, आतलं कापड न रंगवलेलं सुती. घट्ट बंद खोकं दिलं तर गंधकाची वाफ आतच राहील.

प्रत्येक पेनाबरोबर पिशवीत: शेपटाच्या ओ-रिंगा ४, शंकूची १, पकडीच्या जोडाची २, कडीचा सिलिकॉन वॉशर १, दोन टोकांचा पान्हा, काचेचा ड्रॉपर, सिलिकॉन ग्रीसची लहान डबी. चिठ्ठीवर सुटे करण्याचा क्रम आकृतीसह: पकड, निब-जीभ, शंकू, मागची नट, दांडी. धुण्यासाठी कोमट पाणी फक्त निब, जीभ आणि पकडीच्या आतल्या बाजूला. बॅरल बाहेरून भिजवायचा नाही, रात्रभर पाण्यात काहीच ठेवायचं नाही. शेपटाच्या रिंगांवर वर्षातून एकदा ग्रीस, डाळीएवढं. पेन फिरवताना शेपूट जड लागायला लागलं तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी.

सर्व रिंगांची आणि आट्यांची मापं चिठ्ठीच्या मागे छापली. कुठल्याही ओ-रिंग विक्रेत्याकडे ही मापं दाखवली की पुरे.